दुसऱ्यासाठी

दारूखान्यात दारू मिळत नाही.
गंज मिळतो, किलोवर.
तिथं पत्र्याखाली आमचं लेथ,
तातूंच्याही आधी जन्मलेलं.
पाटीवरचं बिलायती नाव पुसून पुसून
बापाचं गेलं, ‘अँड सन्स’ तेवढं उरलंय.
आणि चालवते मी.

मार्चात त्याचे चार दात पडले.
फोर्टातला एजंट फोनवर आधी खोकला, मग हसला:
ती कंपनी? बाई, तिच्या गावात आता
कारखान्याचा भोंगासुद्धा नाही.
नवं घ्या, हप्त्यावर.
तातू म्हणाले, दात पडले म्हणून
माणूस बदलतं का कुणी? कवळी बघ.

कुर्ल्याला मुनाफच्या गाळ्यात
कवळ्यांचा डोंगर.
रेडिएटर, बंपर, उघडीच राहिलेली दारं,
एका डॅशबोर्डावर कुणाच्या तरी मुलीचा
शाळेतला फोटो, चिकटपट्टीसकट.
काळ्यापिवळ्या पद्मिनीचा गिअरबॉक्स
त्यानं काट्यावर टाकला: सव्वीस किलो.
मी म्हटलं, पंचवीसचे देते, आत तेल आहे.
तो म्हणाला, ताई, तेल फुकट. आत गाडी आहे.

आता जोडायला हवी एक तबकडी.
तबकडी कातायला हवं लेथ.
लेथ चालायला हवी तबकडी.
तीन दिवस कानस घेऊन बसले,
तातू स्टुलावर, बोटानं कड चाचपत:
अजून एक केस. अजून अर्धा.
मोतीबिंदू झालेल्या माणसाला
मिलिमीटर दिसत नाही,
लागतो.

जीपचं रबर, अँबॅसिडरचा पट्टा,
क्लचचं पायडल फळीवर ठोकलेलं.
शेजारचा नेल्सन म्हणाला, हॉर्न तेवढा राहिला.

पहिला पडला. लेथ फिरलं.
तिसरा पडला, चौथा पडला.
उलटासुद्धा, डाव्या आट्यांची सोय झाली.
दुसरा मात्र पडेना.
घालायला गेलं की आत कुणीतरी
जात्यावर खडी दळायला बसायचं.
तातूंनी तेल बदललं, मी बेअरिंग,
नेल्सननं शिव्या.
आणि आमचं निम्मं काम दुसऱ्यातलं.

एका दुपारी दारात धाकू पाष्टे.
खाकी शर्ट, आता घरी घालायचा,
छातीवर बिल्ल्याएवढं कापड
बाकीच्यापेक्षा गडद.
मुनाफनं पत्ता दिला, म्हणाले.
एकतीस वर्षं होता हातात. बघून जातो.

चप्पल काढून पाय पायडलवर ठेवला.
दांडा मधे आणला आणि थांबले.
ओठ हलले. एक. दोन.
मग दुसरा असा गेला
जशी कुलपात घरचीच किल्ली.
याचं असंच, म्हणाले.
दादरच्या पुलावर, मागं सगळे बोंबलत असताना,
यानंच शिकवलं मला.
दुसऱ्यासाठी थांबावं लागतं.

चहा नको, साखर आहे.
काय कातताय?
ससून डॉकच्या बोटीचा शाफ्ट, मी म्हटलं.
पायाशी पोलादाची निळी सालं पडत होती,
ते बघत राहिले.
सगळी मुंबई झाली हिची, म्हणाले,
पाण्यात तेवढी नव्हती घातली.

निघताना हात आपसूक डावीकडे गेला,
मीटर उचलायला.
तिथं तातूंचा खांदा होता.
दोघंही काही बोलले नाहीत.

तेल अजून गळतं.
खाली डालड्याचा डबा लावलाय.
भरला की तेच गाळून पुन्हा वर ओतते,
आणि दांडा मधे आणून
मनात मोजते.
नेल्सनही मोजतो,
मोठ्यानं.